बुधवारचा ताप

"लामला बुधवारी थोडासा ताप येईल का हो?" लोआनबाईंनी फोनवर विचारलं.

न्युंगला आधी हसूच आलं. ती औषधाच्या दुकानात कामाला होती. ताप कधी उतरेल, हे लोक तिला दिवसभर विचारायचे. येईल का, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"येईल का म्हणजे, बाई?"

"म्हणजे यायलाच हवा असं नाही. पण आला तर बरं. सर्दी-खोकलाही चालेल. गुरुवारी ठणठणीत होऊन आली तरी हरकत नाही."

मग उलगडा झाला. बुधवारी लोआनबाईंचा आदर्श पाठ होता. शिक्षक दिन तोंडावर आला की सादेक गावातल्या सगळ्याच शाळांत हे सुरू व्हायचं. आसपासच्या शाळांतले शिक्षक आणि शिक्षण कचेरीतले साहेब वर्गात मागे खुर्च्या टाकून बसायचे, पाठ बघायचे आणि बाईंना श्रेणी द्यायचे. यंदा पहिलीच्या वर्गात वाचनाचा पाठ होता. आणि वर्गात काही मुलं अशी होती, की ती वाचायला उभी राहिली तर तास तिथेच रुतून बसायचा. न्युंगची लाम त्यांतली.

"तिला वाईट वाटू नये म्हणूनच म्हणते मी," बाई म्हणाल्या. आवाज गोड होता, आणि खोटाही नव्हता. "एवढ्या परक्या माणसांपुढे पोर अडकली तर? उयेनच्या आईनं लगेच हो म्हटलं. समजूतदार आहे ती."

"मी विचार करते," न्युंग म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडली. त्यात विचार कसला करायचा होता?

पण विचार करत बसणं हा तिचा जुनाच आजार. कांथो शहरातल्या कॉलेजात औषधशास्त्र शिकलेली ही मुलगी. गोळीच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद शेवटपर्यंत वाचणारी. लाम पोटात होती तेव्हापासून ती मुलं वाढवण्याविषयी मिळेल ते वाचत आली होती. त्यातून तिचं एक ठाम मत झालं होतं: शाळेत जाण्याआधी पोरांनी मातीत खेळावं, अक्षरांच्या मागे लागू नये. पहिलीच्या आधीच्या सुट्टीत गल्लीतली झाडून सगळी मुलं लोआनबाईंच्या घरी शिकवणीला गेली. लाम मात्र बापाच्या फुलांच्या मळ्यात, पाण्यात मांडलेल्या शेवंतीच्या कुंड्यांमधून, बेडकं पकडत हिंडली. शाळा उघडली तेव्हा अर्धाअधिक वर्ग वाचायलाच लागला होता, आणि बाईंनी शिकवायला सुरुवात केली ती तिथूनच.

"आई कॉलेजात जाऊन आली आणि पोर अंगठाबहाद्दर," सासूबाई म्हणायच्या. "आमच्या वेळी याच्या उलट असायचं बाई."

चूक आपलीच, असं न्युंगलाही वाटायचं, आणि ती चूक धुऊन काढायला ती रोज संध्याकाळी लामला घेऊन बसायची. पुस्तक मध्ये, लाम या बाजूला, आई त्या बाजूला. पोरीनं तोंड उघडलं रे उघडलं की न्युंगचं "अं हं" तयार. मग लामचा आवाज बारीक होत जायचा, ओठ नुसते हलायचे, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी. मग आईच्याही.

बरेच दिवस हे असंच चाललं. मग एका संध्याकाळी न्युंगच्या लक्षात आलं. लक्ष ठेवण्यात ती पटाईतच होती. फक्त आजवर पोरीच्या ओठांवर लक्ष ठेवत होती, डोळ्यांवर नव्हे. लाम पुस्तकात बघतच नव्हती. एक अक्षर उच्चारायची आणि झटकन वर बघायची. आईच्या भुवया कुठे गेल्या? वर गेल्या तर चुकलं, जागेवर राहिल्या तर बरोबर. पोर इतके दिवस वाचायला शिकत होती ते आईचं तोंड.

न्युंगला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परत येताना स्कूटरवर ती गप्पच होती. मागे बसलेल्या लामनं तिच्या कमरेला विळखा घातला होता. बाजाराच्या वळणावर गाड्या अडकल्या, आणि पाठीमागून एक आवाज आला. मोठा, सणसणीत.

"ग... र... म... पा... व. गरम पाव!"

न्युंगनं मान वळवायला घेतली आणि तशीच थांबवली.

"टायर... पंक्चर. ऊ... उसाचा रस! आई, इथे उसाचा रस आहे!"

"असं होय? मला ठाऊकच नव्हतं," न्युंग पुढे बघतच म्हणाली.

"शव... शवपे... ट्या. शवपेट्या! शवपेट्या म्हणजे काय?"

"मेलेल्या माणसाचा पलंग."

"तो पण विकत मिळतो?"

"सगळं मिळतं. पुढे वाच."

त्या दिवसापासून न्युंगनं लामकडे बघणं सोडलं. ती भाजी चिरायची भिंतीकडे तोंड करून आणि लाम तिच्या पाठीला पुस्तक वाचून दाखवायची. कधी कधी एकाच शब्दाशी इतका वेळ झटायची की न्युंगच्या हातातली सुरी थांबायची, पण मान वळायची नाही. मानेला रग लागायची. सासूबाई दारातून बघत म्हणायच्या, "हे कसलं शिकवणं? पोरगी भुतासारखी एकटीच बोलतेय." लाम हळूहळू वाचायची, अडायची, पण आता मध्ये थांबून वर बघत नव्हती. वर बघून उपयोग नव्हता. तिथे फक्त आईची वेणी होती.

तर असं सगळं असताना रविवारी बाईंचा हा फोन आला.

जेवताना न्युंगनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "लाम, बाई तुला वर्गात वाचायला सांगतात का गं?"

"नाही. मी डावी आहे ना."

"डावी? तू तर उजव्या हातानं लिहितेस."

"तसं नाही गं आई." पोरीनं भाताचा घास गिळला आणि आई किती मठ्ठ आहे अशा चेहऱ्यानं समजावून सांगितलं. बाईंनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. सगळ्यांनी. कुणीच खाली ठेवायचा नाही. पण ज्यांना बाई विचारणार, त्यांनी उजवा. बाकीच्यांनी डावा. म्हणजे बघणाऱ्याला सगळा वर्ग हुशार दिसतो. "मी आणि उयेन डाव्या. पाहुणे येणार आहेत ना, त्याची रोज तालीम असते."

हाउनं, लामच्या बापानं, चक्क दाद दिली. "डोकं आहे हं बाईंना!"

न्युंगला हसू आलं नाही. "आणि एखाद्या दिवशी तुला उत्तर येत असेल, तर?"

"तरी डावाच," लाम म्हणाली. "मी डावीच आहे."

ती हे रडत सांगत नव्हती, हेच न्युंगला सोसलं नाही. आपल्या बुटाचा नंबर सांगावा तसं पोरगी सांगत होती.

*

सोमवारी दुपारी किउताई दुकानात आल्या. किउताई म्हणजे वर्गातल्या पालकांच्या प्रमुख. सहल असो, पंखा बसवायचा असो, बाईंना द्यायची फुलं असोत, त्यांच्यावाचून पान हलायचं नाही. त्यांनी घसा साफ करायच्या गोळ्या मागितल्या आणि घसा मुळीच बसलेला नसताना काउंटरवर कोपर टेकून उभ्या राहिल्या.

"न्युंग, अगं बाईंना अजून तुझं उत्तर नाही म्हणे."

"मी पाठवणार आहे लामला."

"हो का?" किउताईंनी गोळीचा कागद सोडवला. "बघ बाई. तू शिकलेली, मी तुला काय सांगणार? पण आपला वर्ग पहिला आला तर मान सगळ्यांचाच. तुझ्या एकटीच्या पोरीपायी सगळ्यांचं नाक कापायचं?"

"माझी पोरगी फक्त वर्गात बसणार आहे ताई. नाक कापायला ती काही सुरी घेऊन जात नाही."

"बसणार आहे, मान्य. पण पाहुण्यांपैकी कुणी तिलाच उठवलं तर? तुला काय वाटतं, तुझ्या मुलीचं भलं फक्त तुलाच कळतं? एवढं होतं तर सुट्टीत शिकवणीला पाठवायची होतीस."

ते बरोबर जिव्हारी लागलं. तरी न्युंग म्हणाली, "नाही पाठवली. चुकलं असेल माझं. म्हणून शाळेतून तिला उठवायचं?"

"उठवतंय कोण? एक दिवस घरी ठेव म्हणतेय." किउताईंनी गोळी तोंडात टाकली. "तापाला पण कुणी इतका विरोध करतं, हे आज पाहिलं बाई."

घरी त्या संध्याकाळी कुणी न्युंगच्या बाजूचं नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं, बाई म्हणजे बाई. त्यांचा शब्द मोडायचा नसतो, उलट शेवंतीची एक चांगली कुंडी नेऊन द्यावी आणि गप्प बसावं. हाउचं म्हणणं त्याहून साधं. "अगं, पाठव ना तिला माझ्याबरोबर मळ्यावर. कळ्या खुडायचं काम चाललंय, होडीतून फिरेल दिवसभर. तिला काय, मजाच."

"तेच तर," न्युंग म्हणाली. "तिला मजाच वाटेल. पुढच्या वेळी बाईंना फोनही करावा लागणार नाही. ती आपणहून म्हणेल, आज पाहुणे आहेत, मला ताप येतोय."

"आणि अडकली म्हणजे? चाळीस पोरं हसली म्हणजे?"

रात्रभर तो प्रश्न न्युंगच्या उशाशी बसून राहिला. हट्ट नक्की कुणाचा? पोरीला वाचायचंय, की आपल्याला किउताईंना जिंकायचंय? आपण तिला पाण्यात ढकलतोय आणि शूर मात्र स्वतःला म्हणवतोय, असं तर नाही?

मंगळवारी सकाळी वेणी घालताना तिनं लामलाच विचारलं. काही लपवलं नाही. बाईंना वाटतं उद्या तू घरी राहावंस, बाबा म्हणतात होडीतून फिरायला चल, मला वाटतं तू शाळेत जावंस. तुला काय वाटतं?

लामनं मान मागे वळवली. "पाहुणे आपल्या गावचे आहेत?"

"नाही. बाहेरचे."

"म्हणजे त्यांना माहीत नाही, मी डावी आहे ते?"

"नाही. त्यांना कसं माहीत असणार?"

"मग मी जाणार," लाम म्हणाली.

*

बुधवारी शाळेच्या फाटकाशी लोआनबाई स्वतः उभ्या होत्या. अंगात नवा निळा लांब पोशाख, केस चापूनचोपून बांधलेले, आणि डोळ्यांखाली जागरण. लामला पाहून त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"लामच्या आई, तुम्ही विचार करते म्हणाला होतात."

"केला, बाई."

"बरं." बाईंनी लामच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीवर त्यांचा राग नव्हता, हे न्युंगलाही दिसलं. "लाम बाळा, आज तू शेवटच्या बाकावर, खांबाशेजारी बस हं. तिथे वारा चांगला लागतो."

किउताईंनी न्युंगला तिथूनच पकडलं आणि पाहुण्यांसाठी पेरू चिरायला शिक्षकांच्या खोलीत बसवलं. डोळ्यांसमोर असलेली बरी, असा हिशेब असावा. न्युंगनं पेरू चिरले, तिखटमीठ वाटीत काढलं, पाण्याच्या बाटल्या पुसल्या. पलीकडच्या वर्गातून बाईंचा तालमीत घोटलेला आवाज येत होता, आणि प्रत्येक प्रश्नानंतर बाह्यांची सळसळ. सगळा वर्ग हात वर करत होता. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि एकेक पोर पाठ केलेलं घडाघडा सांगत होतं. लामचं नाव नव्हतं.

तिला राहवेना. "हे पाहुण्यांना देऊन येते," असं म्हणत तिनं ताट उचललं, आणि किउताई "अगं, मध्येच कुठे" म्हणेपर्यंत ती ओसरीत पोचलीसुद्धा.

वर्गाची खिडकी उघडी होती. खांबाच्या कडेनं लाम दिसत होती. एक हात वर. उजवा. खांदा कानाला टेकेल इतका ताणलेला. बाईंची नजर त्या हातावरून माशी बसू नये इतक्या वेगानं पुढे जात होती. मागच्या खुर्च्यांत साहेब मंडळी कागदावर खुणा करत होती. लामनं तो हात दुसऱ्या हातानं खालून धरला, पण खाली घेतला नाही.

"छान," बाई म्हणाल्या. "आता सगळ्यांनी उभं राहून, एका सुरात. बगळीचा धडा. एक, दोन..."

चाळीस गळे एकदम सुटले. आठवडाभर पाठ केलेला धडा; पुस्तकाकडे बघायची कुणाला गरज नव्हती. डोळे छताकडे, आवाज आभाळाकडे, गाडी रुळावरून धावावी तसा. लाम मात्र पुस्तकावर वाकली होती. तिचं बोट पहिल्या ओळीवर होतं. वर्ग तिसऱ्या ओळीवर गेला तेव्हा तिचं बोट पहिलीच्या शेवटाशी होतं. ती पाठ म्हणत नव्हती. ती वाचत होती.

आता काय होणार, ते न्युंगला वर्गातल्या कुणाही आधी कळलं. धडा संपणार, वर्ग थांबणार, आणि ही पोर एकटीच मध्ये राहणार. लाम वर बघेल. बघितलं तर समोर खिडकी, आणि खिडकीत आईचं तोंड. आणि ते तोंड या घडीला कसं दिसत असेल, हे न्युंगला आरशाशिवाय ठाऊक होतं.

तिनं पाठ फिरवली. ताट छातीशी धरून, अंगणातल्या झेंड्याच्या खांबाकडे बघत, खिडकीला पाठ करून ती उभी राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिनं कधी केलं नव्हतं.

"...आणि पिल्लू आईच्या पंखाखाली झोपलं!" वर्ग ओरडला, धाडधाड बाकांवर बसला आणि थांबला.

एक आवाज थांबला नाही.

"बगळी... चि... चिखलात उतरली," लामचा आवाज म्हणाला. स्कूटरवरचा आवाज. मोठा, सणसणीत. "तिनं... इकडे पा... पाहिलं. तिकडे पाहिलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं.

"लाम, झालं बाळा, बस," लोआनबाई घाईनं म्हणाल्या.

"पिल्लू कु... कुठेच नव्हतं."

"लाम."

"माझं संपलं नाही," लाम म्हणाली, आणि पुढची ओळ घेतली.

आता वर्गात हसू नव्हतं. खुर्ची करकरली. पाहुण्यांपुढे बाईंना पोरीला ओढून खाली बसवता येत नव्हतं, आणि वाचू नकोस असं तर वाचनाच्या पाठात कोण म्हणणार? लाम वाचत गेली. एका लांबलचक शब्दाशी पोचली आणि अडकली. पहिलं अक्षर. पुन्हा पहिलं अक्षर. मग काहीच नाही.

न्युंगच्या जिभेच्या टोकाशी तो शब्द होता. तिनं तो दातांखाली दाबून धरला. ताटातले पेरू एका बाजूला घसरत होते. झेंड्याच्या दोरीवर एक साळुंकी बसली, उडाली, परत येऊन बसली. मागे शांतता इतकी लांबली की तिला वाटलं, आता आपण वळणार. आता वळलोच.

"सळ... सळसळलं! गवत सळसळलं," लाम म्हणाली, आणि पुढचं जवळजवळ धावत वाचलं. "आणि पिल्लू आईच्या पंखाखाली झोपलं."

मग बाक वाजलं. ती बसली असावी. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. लोआनबाईंनी घसा खाकरला आणि पुढचा प्रश्न विचारला.

*

"चांगल्या श्रेणीवरून ठीक श्रेणीवर आणलंत मला," लोआनबाई म्हणाल्या. पाहुणे गेले होते, ओसरीत पेरूच्या फोडी पडल्या होत्या, आणि बाईंच्या नव्या पोशाखाला घाम आला होता. "वेळेचं नियोजन फसलं, असं तोंडावर सांगून गेले साहेब. तुमच्या मुलीपायी."

"तिनं काही चुकीचं वाचलं का, बाई?"

"प्रश्न तो नाही."

"मला तर तोच प्रश्न दिसतो."

"तुम्हाला एक मूल आहे लामच्या आई. मला चाळीस आहेत." बाईंचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "तुम्हाला काय वाटतं, मला आवडतं हे डावं-उजवं? एकेका पोराजवळ बसले तर वर्षाचा अभ्यास कोण पुरा करणार? निदान चार लोकांत त्यांचं हसं होऊ नये, एवढं तरी बघते मी. आज हसली ना मुलं? ऐकलंत ना?"

"ऐकलं. तिनंही ऐकलं, आणि तरी वाचलं." न्युंगची जीभ थांबेना. "हसू दे त्यांना. हसण्यानं तिला काही होत नाही. इतक्या महिन्यांत तुमच्या तोंडून तिनं स्वतःचं नाव ऐकलं ते फक्त 'बस' म्हणायला, त्यानं होतं. उद्यापासून तिला वाचायला सांगा."

"तिला तीन ओळींना अर्धा तास लागतो!"

"लागू दे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी रोज येऊन विचारीन."

बाईंना ती धमकी खरी वाटली नसावी. पण न्युंग खरंच रोज गेली. गुरुवारी शाळा सुटली तेव्हा फाटकाशी पालकांची ही गर्दी, त्या गर्दीतून तिनं मान उंच करून विचारलं, "बाई, आज लामनं वाचलं का?" सगळ्या माना वळल्या. "उद्या बघू," बाई म्हणाल्या. शुक्रवारी पुन्हा. "आज वेळ नव्हता." संध्याकाळी किउताईंनी तिला पालकांच्या ग्रुपमधून काढून टाकलं. सासूबाईंना ते शेजारणीकडून कळलं. "आता गावात तोंड दाखवायची सोय नाही," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, शेंगा सोलता सोलता, "पण त्या किउचं नाक जरा जास्तच लांब आहे, हे खरं," असंही म्हणाल्या.

सोमवारी दुकानातून निघायला न्युंगला उशीर झाला. फाटकाशी पोचली तेव्हा लाम आधीच बाहेर येऊन दप्तरावर बसली होती.

"आज बोलावलं," लाम म्हणाली.

न्युंगनं स्कूटर तशीच अर्धवट उभी केली. "कुणी? बाईंनी? नाव घेऊन?"

"हो. म्हणाल्या, लाम, दोन ओळी वाच. फक्त दोन. वेळ नाही."

"मग?"

"मग मी तीन वाचल्या."

"अगं! बाई रागावल्या असतील."

"हो. थोड्याशा." लामनं खांदे उडवले. "पण दुसऱ्या ओळीत गोष्ट संपतच नव्हती. मी काय करू?"

न्युंगला हसावं की रागवावं कळेना. तिनं पोरीला मागे बसवलं, दप्तर पुढे अडकवलं, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि त्या आवाजातच तिला फाटकाकडून दुसरा आवाज ऐकू आला. बारीक, घाबरट. लॉटरीची तिकिटं विकणारी उयेनची आई, गळ्यात अजून तिकिटांची फळी तशीच, डोक्यावरची टोपी हातात चुरगाळत बाईंपुढे उभी होती. बुधवारच्या तापाला पहिल्या झटक्यात हो म्हणणारी, समजूतदार.

"बाई," ती म्हणत होती, "आमची उयेन... तिला पण जरा... म्हणजे, तिनं आज वाचलं का?"

"आता तुम्ही पण?" लोआनबाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

उयेनची आई गडबडली. तिनं मान खाली घातली आणि एक पाऊल मागे सरकली. आजूबाजूच्या बायका बघत होत्या.

न्युंगनं गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि लामला म्हणाली, "उतर गं. अजून जायचं नाही." मग गर्दीतून वाट काढत ती फाटकाकडे निघाली.